चरबी टिकवायची तर आधी तिच्यातलं पाणी काढा

गुहागरकडच्या एका ताईंनी विचारलं आहे. घर समुद्राला लागून. महिन्यातून दोनतीनदा मटण येतं आणि मटणवाला चरबी बाजूला काढून फेकून देतो. त्यांच्या आजीकडे चरबीची बरणी कायम भरलेली असायची. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, वीज गेली, मेणबत्त्या संपल्या, तेव्हा त्यांना ती बरणी आठवली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी हौसेने चरबी कढवून ठेवली, पण जुलैत तिला आंबूस वास आला आणि वर बुरशी धरली. त्यांचा प्रश्न असा की कोकणात चरबी टिकते तरी का, आणि टिकली तर घरात नि अडीनडीला तिचा नेमका काय उपयोग?

ताई, टिकते. तुमच्या बरणीत चरबीबरोबर पाणी गेलं होतं, आंबूस वास आणि बुरशी ही त्याचीच खूण. आमच्या घरात मटणाचा धंदा पिढीजात. दुकान आता पुढची पिढी बघते, पण चरबी कढवायचं काम मी अजून हातचं सोडलेलं नाही. दिव्याची, साबणाची, हत्यारांची अशी वेगवेगळी कढवून ठेवतो. म्हणून उपयोगांच्या आधी कढवण्यावरच जास्त लिहितो. ते नीट जमलं नाही तर पुढचं सगळं फुकट आहे.

कच्ची चरबी म्हणजे नुसती चरबी नसते. तिच्यात पातळ पापुद्रे असतात, रक्त असतं, पाणी असतं. पाण्यामुळे चरबीचे घटक सुटे होतात आणि आंबूस, खवट वास येतो. पापुद्र्यांवर नि रक्तावर जंतू नि बुरशी पोसतात. हे सगळं काढून टाकलं तर उरलेल्या कोरड्या चरबीत बुरशीला जगायला काही राहत नाही. मग एकच शत्रू उरतो, तो म्हणजे हवा नि उजेड. हवेने चरबी जुनी होते तेव्हा तिला जुन्या रंगासारखा, घशाला धरणारा वास येतो. तो आंबूस वासापेक्षा वेगळा असतो आणि यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. आपल्याकडे जूनपासून हवेतच इतका ओलावा असतो की पहिली अडचण फार लवकर उभी राहते. घाटावरचा माणूस अर्धवट कढवलेली चरबी ठेवून निभावून नेतो, आपलं तसं निभत नाही.

आता चरबी कुठली घ्यायची. गुर्द्याभोवतीची पांढरी, कडक, हाताने मोडली तर खडूसारखी तुटणारी चरबी सगळ्यांत उत्तम. एक किलो घेतली तर कढवून पाऊण किलोच्या आसपास हाती लागते. आतड्यांवरची जाळीदार चरबीही चांगली, पण ती आधी धुवावी लागते. पाठीवरची आणि छातीवरची मऊ असते, तिच्यात मांसाचे धागे जास्त, उतारा कमी. खच्ची न केलेल्या मोठ्या बोकडाच्या चरबीला उग्र वास असतो आणि तो कितीही कढवलं तरी पुरता जात नाही. दिव्याला किंवा साबणाला ती नको, हत्यारांना चालेल. मटणवाल्याला "गुर्द्याची वेगळी ठेव" एवढंच सांगितलं तरी तो समजतो. मी इथे शेळीमेंढीच्या आणि डुकराच्या चरबीबद्दल बोलतोय. गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला आपल्या राज्यात बंदी आहे, तेव्हा तो विषयच नाही.

थंड असतानाच चरबी बारीक चिरा. फ्रीजमध्ये तासभर ठेवली की सुरी सरळ चालते, नाहीतर हाताला नुसतं तेलकट होऊन बसतं. मटणवाल्याने खिम्याच्या मशीनमधून काढून दिली तर फारच छान. जाड बुडाच्या टोपात एक किलोला अर्धा लिटर पाणी घालून मंद आचेवर ठेवा. पाणी काढायचंय आणि आपण पाणीच घालतोय, हे उलट वाटेल. पण सुरुवातीला पाणी असलं की चरबी बुडाला लागत नाही, आणि रक्त नि वास पाण्यात उतरतो. खाण्यासाठी करत असाल तर चमचाभर मीठ घाला, घाण चांगली सुटते. हत्यारांना किंवा चामड्याला लावायची असेल तर मीठ अजिबात नको. मिठाचा अंश राहिला तर ज्या कोयतीला गंजापासून वाचवायला चरबी लावली तिलाच गंज धरेल.

दीडदोन तासांत तुकडे आटून तपकिरी होतात. जाड फडक्यातून गाळून घ्या. वर जी बेरी उरते ती मीठ-मसाला लावून गरम भाकरीबरोबर खातात, आमच्याकडे मुलं त्यासाठी चुलीपाशी थांबून असतात. गाळलेलं रात्रभर ठेवलं की सकाळी पाण्यावर चरबीची घट्ट वडी तरंगते. ती उचलून उलटी करा. खालच्या बाजूला तपकिरी, बुळबुळीत थर असेल, तो सुरीने खरवडून टाका. हा थर म्हणजे सगळ्या बिघाडाचं मूळ. मग साध्या पाण्यात पुन्हा एकदा वितळवा, पुन्हा थंड करा, पुन्हा खरवडा. दुसऱ्या वेळी वडी पांढरी निघते आणि वास अगदी कमी होतो.

बहुतेक जण इथे थांबतात आणि बरणी भरतात. खरं काम यापुढे आहे. वडी पुसून कोरडी करा, कोरड्या टोपात घाला आणि झाकण न ठेवता मंद आचेवर वितळवा. सुरुवातीला बुडबुडे येतील, चुरचुर आवाज येईल. तो आवाज म्हणजे आत अडकलेलं पाणी बाहेर पडतंय. अर्ध्या तासात आवाज कमी होत होत थांबतो, पृष्ठभाग आरशासारखा स्थिर होतो आणि टोपाचा तळ स्वच्छ दिसू लागतो. धूर येऊ द्यायचा नाही, धूर आला म्हणजे आच जास्त झाली. पाणी पुरतं गेलं का ते पाहायला माझी एक रीत आहे. कापसाची कोरडी वात त्या चरबीत बुडवून बाहेर काढायची आणि टोपापासून लांब जाऊन पेटवायची. वात तडतडली, ठिणग्या उडाल्या, तर अजून पाणी आहे. शांतपणे जळली तर बरणी भरायला हरकत नाही.

या वेळी टोप सोडून कुठेही जाऊ नका. चरबीने पेट घेतला तर वर झाकण टाकायचं, आच बंद करायची आणि टोपाला हात लावायचा नाही. पाणी कधीही ओतू नका. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, वाफेला पाण्याच्या सतराशेपट जागा लागते, आणि जळती चरबी छपरापर्यंत उडते. झाकण आधीच हाताशी ठेवावं, पेट घेतल्यावर शोधायला वेळ नसतो.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची, उन्हात तापवून कोरडी केलेली. तांब्याचं भांडं नको, पितळेचंही नको. तांब्यामुळे चरबी फार लवकर जुनी होते. चरबी कोमट झाल्यावर गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवेला जागा कमी. गरम असताना झाकण लावलं तर आत वाफ धरते, तिचे थेंब परत चरबीवर पडतात आणि सगळी मेहनत वाया जाते. फडकं बांधून ठेवा, पूर्ण गार झाल्यावर झाकण लावा, बरणी कागदात गुंडाळून अंधाऱ्या कपाटात ठेवा. काढायला कोरडाच चमचा. अशी बोकडाची चरबी पावसाळाभर खात्रीने टिकते, नीट सांभाळली तर वर्षही. डुकराची मऊ असते, तिला हवा लवकर लागते, ती बाहेर तीनचार महिन्यांवर ठेवू नये. खाण्याची कुठलीही चरबी फ्रीजमध्येच ठेवलेली बरी. आणि उंदीर, चिचुंद्री नि मुंग्या यांना चरबीचा वास लगेच लागतो, तेव्हा प्लॅस्टिकचा डबा चालणार नाही, तो रातोरात कुरतडून टाकतात.

हे सगळं एप्रिल-मेमध्ये करा. शिमगा, जत्रा आटोपलेल्या असतात, हवा पावसाळ्याच्या मानाने कोरडी असते. गटारीला चरबी ढिगाने मिळते हे खरं, पण तेव्हा बाहेर कोसळत असतं. त्या दिवसांत कढवलेली लगेच वापरायची, साठवणीला नको.

आता उपयोगांकडे. प्रत्येक चरबीचा स्वभाव ती कुठल्या तापमानाला वितळते त्यावर ठरतो. खोबरेल साधारण २४ अंशांना पातळ होतं, कोकमाचं तेल ३८ ते ४० च्या आसपास, डुकराची चरबी ३० ते ४० च्या दरम्यान, आणि शेळीमेंढीची ४५ ते ५० च्या घरात. म्हणजे वैशाखातसुद्धा बोकडाची चरबी आपल्या माजघरात घट्टच राहते. हा तिचा मोठा गुण आहे, आणि काही कामांत हाच तिचा दोषही आहे.

माझ्या मते कोकणात चरबीचा सगळ्यांत मोलाचा उपयोग पावसातली चूल पेटवायला. आषाढात लाकडं कितीही झाकून ठेवली तरी ओल धरतात. रॉकेल आता सहज मिळत नाही, आणि प्लॅस्टिक जाळणं फुप्फुसांना घातक आहे. नारळाच्या सोडणाचा काथ्या उन्हात कडक वाळवा, हाताने पिंजून सैल करा, लिंबाएवढे गोळे करा आणि वितळलेल्या चरबीत बुडवून कागदावर निथळत ठेवा. गार झाले की कडक होतात, एकमेकांना चिकटत नाहीत. पेटवताना एक गोळा थोडा उसवून धागे बाहेर काढायचे आणि त्या धाग्यांना काडी लावायची. अख्ख्या गोळ्याला काडी धरून बसलात तर पेटणार नाही, चरबीला आधी वितळायला ऊब हवी असते. एकदा पेटला की दहाएक मिनिटं सलग ज्योत देतो, तेवढ्यात वरच्या ओल्या काटक्या सुकून पेट घेतात. वर करवंटीचे तुकडे रचले तर काम आणखी सोपं. काथ्याऐवजी कापूस चालतो, पण काथ्या फुकटचा आहे आणि त्याचे राठ धागे मधे हवा खेळती ठेवतात.

दुसरा उपयोग दिव्याचा. तुम्ही ज्यासाठी विचारलंत तो हाच. निसर्ग श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं, आणि दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनारा घासत वर गेलं. अशा वेळी सौरदिवा चार्ज करायला ऊन नसतं.

चरबीच्या दिव्याची गोम अशी की नुसती पणती भरून वात खोचली तर ती थोडा वेळ जळून विझते. तेलाचा दिवा पातळ तेल वर ओढून घेतो, चरबी तर घट्ट असते. ज्योतीची ऊब खालच्या चरबीपर्यंत पोचायला हवी. म्हणून वात जाड घ्या, दोनतीन वाती एकत्र पिळलेली, आणि तिच्याबरोबर तांब्याची बारीक तार पिळून घाला. तार ऊब खाली नेते. तांबं चरबी खराब करतं असं मी वर म्हटलं, पण इथे चरबी जळूनच जाणार आहे. पणती उथळ हवी, खोल वाटी नको. पेटवताना वातीभोवती चमचाभर खोबरेल घाला. त्यावर दिवा सुरू होतो, तोवर भोवतीची चरबी वितळून तळं तयार होतं. अशी एक ज्योत तासाला साधारण पाचसहा ग्रॅम चरबी खाते, म्हणजे पाव किलोत चाळीस तासांच्या वर उजेड. वाचायला पुरणार नाही, पण स्वयंपाकघरात वावरायला, म्हाताऱ्या माणसाला रात्री उठायला पुरतो. पणती परातीत ठेवा, बाजूला पडदा नको, आणि खिडकीची फट उघडी ठेवा. नीट कढवलेली चरबी जळताना वास जवळजवळ येत नाही. दिवा मटणासारखा वासला तर समजा पापुद्रे राहिलेत.

नुसत्या चरबीच्या मेणबत्त्या मात्र करू नका. आपल्या उकाड्यात त्या वाकतात, हाताला चिकटतात, उंदीर खातात. मधमाशीचं मेण मिसळून करतात, पण आता मेण इतकं महाग झालंय की पणतीच बरी. आणि हा दिवा देवघरात लावू नका. बहुतेक घरांत ते चालत नाही. शेजारच्यांना दिवा दिला तर कशाचा आहे ते आधी सांगावं. आपल्या गावांत शाकाहारी घरं आहेत, मुसलमान घरं आहेत, ख्रिस्ती घरं आहेत, आणि चरबी कुठल्या जनावराची हे प्रत्येकाच्या लेखी महत्त्वाचं असतं. डुकराची चरबी तर वेगळ्या टोपात, वेगळ्या बरणीत, चिठ्ठी लावूनच ठेवावी. एखाद्या घरी आपल्या हातून न सांगता गेली, तर ते दुखणं वर्षानुवर्षं जात नाही.

हत्यारांकडे येऊ. खाऱ्या वाऱ्यात कोयती, विळी, कुदळ यांना आठ दिवसांत तांबडा रंग चढतो. तेल लावलं तर ते निथळून जातं, चरबी जागेवर बसून राहते. हत्यार घासून, चुलीशेजारी ठेवून थोडं तापवा, मिठाशिवाय कढवलेली चरबी फडक्याने पातळ चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढा. डोळ्याला न दिसेल इतका थर राहू द्यायचा, जाड थरावर धूळ बसते नि तिथेच ओल धरते. भात कापणी झाली की सगळी हत्यारं अशी करून ठेवावीत. पूर्वी वाडीतल्या रहाटाच्या कण्याला आणि बैलगाडीच्या आसालाही चरबी लावत. आता पंप आले, पण कोणाकडे जुना लाकडी दरवाजा असेल, पावसाळ्यात फुगून बसणारा, तर त्याच्या घासणाऱ्या कडेला चरबी चोळून बघा.

घावण्यांच्या बिडाच्या तव्याला चरबी लावावी का, असंही बरेच जण विचारतात. लावायला हरकत नाही, पण तव्यावर काळा, न सुटणारा थर बसतो तो तेल तापून वाळल्याने. बोकडाची चरबी फारशी वाळत नाही, ती चरबीच राहते. रोज वापरातल्या तव्याला चालेल. महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा असेल तर त्याला जवसाचं तेल लावून तापवलेलं बरं.

होड्यांमध्येही हाच फरक दिसतो. लाकडी होड्यांच्या दिवसांत पाण्याच्या वरच्या भागाला माशाचं तेल देत, मुशीच्या म्हणजे शार्कच्या काळजाचं (यकृताचं) नाहीतर तारलीचं. हे तेल हवेत वाळून चिकट पापुद्रा धरतं आणि लाकूड पाणी पीत नाही. पाण्याखालच्या तळाला मात्र चुना आणि चरबी कालवून जाड लेप देत, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्याला आणि कालवांना थारा कमी. दर काही महिन्यांनी तो खरवडून पुन्हा द्यावा लागे. अरबी समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर ही रीत होती. आता फायबरच्या होड्या आल्या, त्यांना यातलं काही लागत नाही. पण पावसाळ्याची मासेमारीबंदी १ जूनला लागते तेव्हा होड्या वर ओढाव्या लागतातच. वाळूत टाकलेल्या ओंडक्यांना चरबी फासली की ओढणाऱ्यांचा दम वाचतो.

मुशीच्या तेलाबद्दल एक सांगून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाच्या तेलाची आयात थांबली तेव्हा आपल्याकडे मुशीच्या काळजाच्या तेलाचा उद्योग उभा राहिला, कारण त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. भरपूर म्हणजे इतकं की घरी काढलेलं तेल चमच्याने पोरांना पाजणं धोक्याचं. हे जीवनसत्त्व अंगात साठतं आणि जास्त झालं की यकृताला बाधतं. लाकडाला लावा, पोटात नको. व्हेल शार्कचं तेल पूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर होड्यांना लावत. त्या माशाला २००१ पासून कायद्याचं संरक्षण आहे, जाळ्यात सापडला तर जाळं कापून सोडायचा.

साबणाचं प्रमाण देतो, कारण अंदाजाने साबण करू नये. कढवलेली बोकडाची चरबी ७०० ग्रॅम, खोबरेल ३०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १४३ ग्रॅम, पाणी ३३० ग्रॅम. सगळं वजनकाट्यावर, वाटी-चमच्याने नाही. या प्रमाणात थोडी चरबी मुद्दाम शिल्लक राहते, म्हणजे साबण हाताला जाळत नाही. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. हातमोजे, चष्मा, आणि पोरं घराबाहेर. सोड्याचं पाणी आणि वितळलेली चरबी-खोबरेल, दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करून रवीने नाहीतर मिक्सरच्या दांड्याने घोटा, श्रीखंडाइतकं दाट झालं की साच्यात ओता. दुसऱ्या दिवशी वड्या पाडा आणि महिना-दीड महिना वाऱ्यावर वाळू द्या. हेही मेपर्यंत उरका, पावसात साबणाला पाझर सुटतो.

खोबरेल कशाला, असं वाटेल. नुसत्या चरबीचा साबण कडक होतो, टिकतो, पण आपल्या किनाऱ्यावरच्या मचूळ विहिरींच्या पाण्यात त्याला फेस येत नाही, नुसता चोथा होतो. खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो. विहीर फारच मचूळ असेल तर खोबरेल वाढवून निम्मं घ्या, पण मग सोडा वाढवावा लागतो. ५०० आणि ५०० ग्रॅमला १५२ ग्रॅम. राखेच्या पाण्याने साबण होतो का? होतो, पण मऊ, लापशीसारखा, आणि त्याचं प्रमाण घरी धरता येत नाही. राख भांडी घासायलाच ठेवा.

अंगाला लावण्याबद्दल थोडक्यात. टाचांच्या भेगांना आपलं कोकमाचं तेल चरबीपेक्षा चांगलं, अंगाच्या उबेला मऊ पडतं, वास नाही. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरायच्या आधी पायांच्या बोटांमध्ये चरबी चोळली तर कातडी कमी भिजते, एवढा उपयोग मी मानतो. चिखल्या झाल्यावर मात्र चरबी लावू नका, ती बुरशी आहे, तिला औषध लागतं. पायाला जखम असेल तर चरबीच्या भरवशावर शेतात उतरू नका. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) जंतू तिला जुमानत नाही, बूट घाला. भाजलेल्या जागेवर तर कधीच नको, ती आतली उष्णता कोंडून धरते.

ढोलाबद्दलही दरवर्षी विचारणा होते. पालखीच्या ढोलाच्या चामडी पट्ट्यांना चरबी लावा, पानाला, म्हणजे वाजवायच्या चामड्याला, लावू नका. पान मऊ पडलं की आवाज बसतो.

आणि घोरपडीचं तेल, अजगराची चरबी, रानडुकराची चरबी, सांध्यांना चांगली म्हणून जी बाटल्यांतून विकतात, ती घरात आणूच नका. सांधेदुखी तिने बरी होत नाही, चोळण्याने जी ऊब येते ती खोबरेलानेही येते. वर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली घोरपडीसारख्या प्राण्याची चरबी नुसती बाळगली तरी गुन्हा, शिक्षा ३ ते ७ वर्षांची. आपल्या रानातून घोरपडी आधीच कमी झाल्यात.

राहिला खाण्याचा भाग. अडीनडीच्या साठ्यात चरबीला मोल आहे कारण १०० ग्रॅममध्ये ९०० कॅलरी, तांदळाच्या अडीचपट, आणि शिजवायला इंधन लागत नाही. पेजेत चमचाभर घातली की पेज पोटाला धरून राहते. बोकडाच्या चरबीचं जेवण गरमच खावं, गार झालं की टाळूला थर बसतो. पण चरबी तांदूळ-डाळीबरोबरची आहे, त्यांच्याऐवजी नाही. तिच्यात प्रथिनं नाहीत, पालेभाजीतलं काही नाही. नुसत्या चरबीवर दोन दिवसांत ढाळ लागेल.

उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी वाळवलेलं मांस कुटून त्यात तेवढीच चरबी घालून पेमिकन करतात, ते वर्षभर टिकतं. व्हिडिओ बघून इथेही तरुण मुलं करून बघायला लागली आहेत. ते टिकतं थंड, कोरड्या हवेत. मांस कडकडीत वाळून कुस्करलं जाईल इतकं कोरडं असेल तरच चालतं, आणि आपल्या किनाऱ्यावर वाळलेली वस्तू संध्याकाळपर्यंत पुन्हा ओल धरते. सुकट, बोंबील जूनमध्ये कसे मऊ पडतात ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा सुकं वेगळ्या डब्यात, चरबी वेगळ्या बरणीत, आणि ताटात एकत्र.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे शिजवलेलं मटण चरबीच्या थराखाली बुडवून बाहेर ठेवणं. वर चरबी असली की हवा जात नाही, म्हणून टिकेल असं वाटतं. पण हवा नसलेल्या ओल्या, उबदार जागेतच बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू नुसत्या उकळीने मरत नाहीत, त्याला प्रेशरखालची १२१ अंशांची उष्णता लागते. त्याच्या विषाला बहुतेक वेळा वासही नसतो, चवही नसते. थंड देशांत तळघरात ही रीत चालली, आपल्या ३० अंशांच्या खोलीत चालणार नाही. फ्रीजमध्ये, दोनतीन दिवस, एवढंच.

ताई, पहिल्या खेपेला अर्धा किलोच गुर्द्याची चरबी घ्या, मेच्या पहिल्या आठवड्यात. त्यातली निम्मी काथ्याच्या गोळ्यांना जाईल, निम्मी एका लहान बरणीत दिव्यासाठी राहील. बरणीवर तारीख लिहा आणि जुलैच्या मध्याला उघडून वास घ्या. आंबूस आला तर पाणी राहिलंय, तेवढी पुन्हा कोरडी करून लगेच चुलीला वापरा. वास नसेल तर पुढच्या वर्षी किलोभर करायला हरकत नाही.